कुदळीचा आवाज आणि परत फिरलेली वर्दी : लाल महाल, ५ एप्रिल १६६३

पुण्यातल्या लाल महालापर्यंत पोहोचायला शिवाजी महाराजांच्या चारशे माणसांना मोगलांची अख्खी छावणी ओलांडावी लागली. त्यांना कोणी हटकले नाही असे नाही. हटकले, विचारले आणि उत्तर पटल्यावर पुढे जाऊ दिले. खरी अडचण शेवटी आली. मुदपाकखाना आणि जनानखाना यांच्या मधले एक लहान दार विटांनी बुजवलेले होते. त्या विटा काढताना कुदळीचा आवाज झाला. पलीकडच्या नोकरांनी तो ऐकला आणि जाऊन शायिस्तेखानाला वर्दी दिली. खान त्यांच्यावरच चिडला. रमजानचा महिना, स्वयंपाकी उठले असतील, एवढे म्हणून त्याने विषय संपवला.

पहाऱ्याची परीक्षा घेणाऱ्या पथकांना हे प्रकरण शिकवताना सगळा भर गनिमी काव्यावर जातो. तो जायलाच हवा, पण तो हल्ला करणाऱ्याचा धडा झाला. परीक्षा घेणाऱ्याचा धडा त्या नोकरांपाशी आहे. पहारा चुकला नव्हता. आवाज ऐकला गेला आणि तो वरपर्यंत पोहोचलाही. वर पोहोचल्यावर मात्र तो विझला. आजच्या बहुतेक चाचण्यांत हीच जागा कोणी तपासत नाही.

एका दलाच्या निवडक तुकडीने दुसऱ्याच्या तळाची परीक्षा घ्यायची, ही पद्धत आता रुळलेली आहे. २३ ऑक्टोबर १९८३ रोजी बैरूतमध्ये स्फोटकांनी भरलेला ट्रक अमेरिकी मरीन सैनिकांच्या बराकीत घुसला आणि २४१ अमेरिकी सैनिक मारले गेले. पुढच्याच वर्षी व्हाइस ॲडमिरल जेम्स लायन्स यांच्या पुढाकाराने 'रेड सेल' हे पथक उभे राहिले. त्याचे प्रमुख होते रिचर्ड मार्सिंको, आणि माणसे बहुतेक 'सील टीम सिक्स' या नौदलाच्या कमांडो तुकडीतली. अतिरेक्यांच्या पद्धतीने आपल्याच नौदलाच्या तळांवर शिरायचे, शिरताना चित्रण करायचे आणि ते तळप्रमुखाला दाखवायचे, हे त्यांचे काम. आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८ नंतर किनाऱ्यावर 'सागर कवच' सराव सुरू झाले. त्यात लाल पथक हल्लेखोर बनून बोटीतून किनारा गाठायचा प्रयत्न करते आणि नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस मिळून त्याला अडवतात.

बाहेरच्या दलाची माणसे का लागतात, याचे कारण साधे आहे. आपल्या घरातला माणूस आपल्या घराच्या सवयींना सरावलेला असतो. कुठले फाटक रात्री नुसते लोटलेले असते हे त्याला ठाऊक असते, आणि ठाऊक असल्यामुळेच ते त्याच्या डोळ्यांना खुपत नाही. पुण्याला हे वेगळे सांगायला नको. दक्षिण कमांडचे मुख्यालय इथे, तिन्ही दलांचे छात्र एकत्र घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खडकवासल्याला, आणि लोहगावची एकच धावपट्टी हवाई दलाची आणि नागरी विमानतळाचीही. वेगवेगळ्या गणवेशांनी एकमेकांना ओळखायचे कसे, हा प्रश्न या शहराच्या रोजच्या कामातला आहे. १६६३ मध्येही तो होता.

छावणी आणि तिचे थर

शायिस्तेखान म्हणजे औरंगजेबाचा मामा. १६६० च्या मे महिन्यात तो पुण्यात आला. त्याच वर्षी त्याने चाकणचा संग्रामदुर्ग जवळपास दोन महिने वेढला. आत फिरंगोजी नरसाळा होते. भुईकोट किल्ला, मूठभर शिबंदी, तरी तो घ्यायला खानाला सुरुंग लावावा लागला. त्यानंतर खानाने किल्ल्यांच्या नादी लागणे सोडले आणि पुण्यात मुक्काम पक्का केला, तोही शहाजीराजांनी बांधलेल्या, महाराजांचे बालपण गेलेल्या लाल महालात. शिवाजी रोडवरची आजची वास्तू महानगरपालिकेने पुष्कळ नंतर बांधलेली. मूळ वाडा आता नाही. ज्या वाड्याचा कोपरान् कोपरा शत्रूला लहानपणापासून माहीत आहे, तिथे सेनापतीने राहायला जाणे ही पहिली चूक. परीक्षक पथकाने कुठल्याही तळाच्या अभ्यासात पहिला प्रश्न हाच विचारावा : ही जागा आपल्याआधी कोणाची होती, आणि तिचा नकाशा कोणाकोणाच्या डोक्यात आहे?

बाकी बंदोबस्त ढिला नव्हता. सिंहगडाच्या वाटेवर मोगलांचा राजपूत सरदार जसवंतसिंह याची दहा हजारांची छावणी होती. शहरात आणि छावणीत परवान्याशिवाय येण्याला, विशेषतः मराठ्यांना, मनाई होती. परवाने कोतवालाकडून मिळत. महालाभोवती खानाच्या रक्षकांचे आणि नोकरचाकरांचे तळ, आणि आत तो विटांनी बुजवलेला दरवाजा. कागदावर चार थर, चारही ठीक.

बिघाड थरांच्या मधल्या जागांत होता. मोगल फौज एकजिनसी नव्हती. तुर्की, पठाण, राजपूत आणि मोगलांच्या चाकरीतले दख्खनी, अशा तुकड्या आपापल्या सरदाराखाली राहत. या तुकडीतल्या शिपायाला त्या तुकडीतले चेहरे माहीत असण्याचे कारण नव्हते. रात्री पहारे बदलताना अनोळखी सशस्त्र टोळी समोर आली, तर "आम्ही अमक्याची माणसे, चौकीवर चाललो" एवढे सांगणे पुरे होई. खरेखोटे करायला दुसऱ्या सरदाराच्या तंबूत माणूस धाडावा लागला असता, आणि अपरात्री तसे करायची पहारेकऱ्याची छाती नव्हती.

रात्रीची निवड

तिथी चैत्र शुद्ध अष्टमी, दुसऱ्या दिवशी रामनवमी. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. म्हणजे छावणीत शिरेपर्यंत चालण्यापुरते चांदणे, आणि काम सुरू करायच्या वेळी गडद अंधार. रमजानचा पहिला आठवडा चालू होता. दिवसभर उपास, संध्याकाळी भरपेट जेवण, त्यामुळे पहिली झोप गाढ. उलट सहरीच्या जेवणासाठी स्वयंपाकी मात्र अपरात्री उठणारच. म्हणजे त्या वेळी आवाज होणे हे रोजचेच, आणि त्याचा अर्थही सगळ्यांनी आधीच लावून ठेवलेला. तिथी ठरवताना हा शेवटचा मुद्दा कोणी मोजला होता की नाही, कागदांत नाही. परिणाम मात्र त्याचाच सर्वांत मोठा झाला.

इतिहासकार जदुनाथ सरकारांनी जुळवलेल्या हकिगतीत नेताजी पालकर आणि मोरोपंत पेशवे यांच्याकडे हजार-हजार माणसे देऊन त्यांना छावणीबाहेर दोन बाजूंना ठेवले होते. आत गेले चारशे. चिमणाजी बापूजी आणि बाबाजी बापूजी हे देशपांडे बंधू बरोबर होते. हटकणाऱ्यांना त्यांनी सांगितले की आम्ही बादशाही फौजेतले दख्खनी, नेमून दिलेल्या जागी जातोय. मोगल इतिहास लिहिणाऱ्या खाफीखानाची हकिकत वेगळी आहे. लग्नाच्या वरातीसाठी दोनशे जणांचा परवाना कोतवालाकडून घेतला, वाजतगाजत एक टोळी आली. दुसरी टोळी पकडलेल्या कैद्यांचे सोंग घेऊन, दोरखंडाने बांधलेली, शिव्या खात फाटकातून आत आली. दोन्ही हकिगती एकाच जागी येऊन थांबतात. पहारा भेदला नाही, पहाऱ्याला पटेल असे कारण दिले. वरातीला परवाना होता, कैद्यांना पहारेकरी होते, दख्खनी शिपायांना नेमणूक होती. यातले काहीच पडताळले गेले नाही.

भिंतीपाशी

मध्यरात्र उलटल्यावर टोळी मुदपाकखान्याच्या बाजूने आली. जे स्वयंपाकी जागे होते त्यांना आवाज न होऊ देता मारले. पुढे विटांचे दार.

विटा काढण्याचे काम कागदावर वाटते तेवढे झटपट नसते. आजच्या नऊ इंची विटेचा हिशेब धरला आणि भिंत एका विटेच्या जाडीची मानली, तर माणूस वाकून जाईल एवढ्या दोन फूट बाय अडीच फूट भोकासाठी पन्नासेक विटा निघतात. लाल महालातल्या विटा या मापाच्या नसणार, पण कामाचा अंदाज यायला हे पुरे. यात पहिली वीट सर्वांत बोलकी. तिच्या चारही बाजू गच्च असतात, पहारीचे टोक घुसवायला सांधा फोडावाच लागतो, आणि तो ठणका भिंतीतून पलीकडे जातो. एकदा ती निघाली की शेजारच्या विटांना एक बाजू मोकळी मिळते, त्या हलवून काढता येतात, आवाज निम्म्याहून कमी होतो. म्हणजे ओळखण्याजोगा आवाज सुरुवातीच्या थोड्या वेळातच येतो. नोकरांनी तो नेमका तेव्हा ऐकला.

पहिली वर्दी त्यांनी दिली आणि रागावणे पदरात घेतले. नंतर दासी धावत आल्या, एकीमागून एक : भिंतीला भोक पडतेय. तेव्हा खान उठला, धनुष्यबाण आणि भाला हाती घेतला. पहिल्या आणि दुसऱ्या वर्दीच्या मधला वेळ हेच या प्रकरणाचे काळीज. पहारेकरी उठवायला, मुदपाकखान्याकडे चार माणसे धाडायला, दिवा लावायला तेवढा वेळ होता. तो गेला.

चिमणाजी आधी शिरले, मागोमाग महाराज, सुमारे दोनशे माणसांसह. खानाने एकावर बाण सोडला, तेवढ्यात वार बसून त्याची बोटे तुटली. दोन मराठे अंधारात पाण्याच्या हौदात पडले. दिवे विझवले गेले होते. त्याचा फायदा खानालाच झाला, दासींनी त्याला ओढत सुरक्षित जागी नेले. खानाचा मुलगा अबुल फतह मदतीला धावला आणि मारला गेला. त्याच वेळी बाबाजी बापूजींची तुकडी बाहेरच्या झोपलेल्या पहारेकऱ्यांवर तुटून पडली होती. काही जण नगारखान्यात गेले आणि खानाचे नाव सांगून नौबत वाजवायचा हुकूम दिला. वाजंत्र्यांनी वाजवली. त्या दणदणाटात कोण कोणाला काय ओरडून सांगतेय ते कळेना. छावणीला जागे करणारे साधनच छावणीला बहिरे करायला वापरले गेले, आणि ते एका न पडताळलेल्या तोंडी हुकमावर.

मराठ्यांचे सहा मेले, चाळीस जखमी झाले. खानाच्या बाजूला मुलगा, एक सरदार, चाळीसेक सेवक आणि जनानखान्यातल्या काही स्त्रिया मारल्या गेल्या. अंधारातल्या वारांना त्याही बळी पडल्या, हे लिहायला जड जाते, पण हकिगतीतून वगळता येत नाही. वर्ष संपता संपता खानाची बंगालवर बदली झाली.

हीच वर्दी दुसऱ्या बेटावर

या प्रकरणाशेजारी दुसरे एक ठेवले की मुद्दा पक्का होतो. पर्ल हार्बर हे बंदर ज्यावर आहे त्या हवाईतल्या ओआहू बेटाचा बचाव अमेरिकी लष्कराकडे होता, आणि ७ फेब्रुवारी १९३२ च्या रविवारी पहाटे अमेरिकी नौदलाने सरावात त्याची परीक्षा घेतली. रिअर ॲडमिरल हॅरी यार्नेल यांनी 'साराटोगा' आणि 'लेक्सिंग्टन' या विमानवाहू नौका खराब हवेच्या आडून आणल्या आणि १५२ विमाने लष्कराच्या धावपट्ट्यांवर सोडली. बेट गाफील सापडले. एका दलाने दुसऱ्या दलाची घेतलेली याहून चोख परीक्षा क्वचितच सापडेल.

७ डिसेंबर १९४१. पुन्हा रविवार. सकाळी ७ वाजून २ मिनिटांनी ओपाना इथल्या रडारवरच्या दोन सैनिकांना सुमारे २१० किलोमीटरवर विमानांचा मोठा थवा दिसला. त्यांनी कळवले. उत्तर मिळाले की काळजी करू नका. त्या सकाळी अमेरिकेहून आपलीच बी-१७ बॉम्बफेकी विमाने यायची होती. आठ वाजायला पाच मिनिटे असताना जपानी बॉम्ब पडू लागले.

स्वयंपाकी आणि बी-१७. दोन्हीकडे ऐकणाऱ्याने आपले काम केले, सांगणाऱ्याने केले, आणि वरच्या माणसाकडे एक तयार, निरुपद्रवी, खरेच शक्य असलेले कारण हाताशी होते. १९३२ च्या सरावाने विमाने तपासली, बंदर तपासले. पहाटे कोणी काही कळवले तर फोनवर काय उत्तर मिळते, हे त्यात तपासलेच नव्हते.

चाचणी कशी लावावी

म्हणून परीक्षक पथकाने भिंत चढण्याआधी वर्दीची वाट तपासावी. यासाठी फारशा माणसांची गरज नाही. शिवाय पहारेकऱ्याच्या बंदुकीसमोर जाण्याची वेळ येत नाही, आणि ही मोठी गोष्ट आहे : तळावरचा संत्री खऱ्या गोळ्या घेऊन उभा असतो, आणि चाचणी गुप्त ठेवायची तर त्या काढून घेता येत नाहीत.

दोन्ही दलांच्या वर असलेल्या अधिकाऱ्याच्या सहीचे लेखी आज्ञापत्र आधी हवे. तारीख न देता दहा दिवसांची मुदत द्यावी. यजमान तळावर फक्त दोघांना माहिती : तळप्रमुख आणि त्यांनी निवडलेला एक जण. सुरक्षा अधिकाऱ्याला नाही, कारण परीक्षा त्याच्या खात्याची आहे. थांबवण्याचा शब्द ठरवावा, पण तो चाचणीच्या तोंडावर सांगितला तर चाचणी फुटते. दर तिमाहीला सगळ्या गार्डला, सफाई कामगारांसह, तो शिकवत राहावा; म्हणजे चाचणी असो वा नसो, शब्द सगळ्यांना पाठ. शब्द असा निवडावा की रोजच्या बोलण्यात येत नाही आणि घाबरलेल्या माणसालाही ऐकू येतो. पोलीस नियंत्रण कक्षातल्या एका वरिष्ठालाही कल्पना असावी. कुंपणाबाहेरच्या वस्तीतून कोणी ११२ लावला, तर खरी गाडी खऱ्या शस्त्रांनिशी येते.

मग तीन रात्री. पहिल्या रात्री दोन ते तीनच्या दरम्यान, शस्त्रागारापासून आणि संत्र्यांपासून दूर, राहत्या किंवा कचेरीच्या इमारतीत आतल्या भिंतीला टेकवलेल्या विटांच्या छोट्या चौथऱ्यावर छिन्नी-हातोडीने बारा मिनिटे काम करायचे. हातोडी एक किलोची पुरे. सोबत पंच, त्याच्याकडे आज्ञापत्राची प्रत. दुसऱ्या रात्री तोच आवाज, पण अशा रात्री की त्याला तयार कारण आहे : दिवसा प्लंबर येऊन गेलेला, किंवा मेसमध्ये दुसऱ्या दिवशीच्या बडाखान्याची, म्हणजे सामुदायिक मेजवानीची, तयारी चालू. तिसऱ्या रात्री आवाज नाही. तळप्रमुखाच्या नावाने ड्युटी क्लार्कला फोन : सायरनची दुरुस्ती चाललीय, वाजला तर लक्ष देऊ नका. ही नगारखान्याची परीक्षा. क्लार्कने परत फोन लावून खात्री केली की नाही, एवढेच पाहायचे.

पंचाने चार गोष्टींच्या वेळा लिहायच्या : ऐकले, सांगितले, नोंदले, माणूस उठला. पाचवा रकाना वरून आलेल्या उत्तराचा, आणि तो शब्दशः. सुरक्षा अहवालात वेळा सापडतात. उत्तर कोणी लिहीत नाही. ऐकणाऱ्यांमध्ये स्वयंपाकी, माळी, ठेकेदाराचे कामगार मोजले पाहिजेत. लाल महालात वर्दी पहारेकऱ्याने दिलेली नाही, नोकरांनी आणि दासींनी दिली.

बिघडते कुठे? बहुतेक वेळा बातमी कँटीनमधून फुटते. पाहुण्या पथकाच्या जेवणाची वाढीव थाळी लिहिली गेली की संध्याकाळपर्यंत सगळ्या तळाला कळते. पथकाने आपला डबा आणावा. दुसरे, पथकाला जिंकायचे असते. रेड सेलबाबत एका तळावरच्या सुरक्षा अधिकाऱ्याने आपले अपहरण करून मारहाण केल्याची तक्रार थेट न्यायालयात नेली. पथकाला हात लावायची मुभा असेल तर कधी ना कधी हे होते. वर्दीच्या चाचणीत ती मुभा मुळातच नको. तिसरे आणि सर्वांत घातक : अहवाल गेल्यावर खालच्या माणसाला शिक्षा होते. ज्याने ऐकून सांगितले त्यालाच "उशीर का केला" विचारले, तर पुढच्या वर्षी तो ऐकूनही गप्प बसेल. आज्ञापत्रातच लिहून घ्यावे की या चाचणीवरून कोणावरही कारवाई होणार नाही. यजमान या कलमावर अडला तर चाचणी करू नये.

बाहेर पडणेही मोजावे. पथक 'पोहोचलो' म्हणून शिट्टी वाजवते आणि सगळे चहाला जातात. लाल महालातून मराठे सरळ वाटेने निघून गेले, आणि शत्रू आतच आहे असे समजून मोगल आपलीच छावणी धुंडाळत राहिले. कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पोत बांधल्याची गोष्ट घरोघरी सांगितली जाते. तिच्याशिवायही हा भाग पुरेसा बोलका आहे. आवाज थांबल्यावर अर्धा तास पंचाने बसून राहावे आणि शोध कुठून सुरू झाला ते लिहावे : आवाजाच्या जागेपासून, की फाटकापासून.

लाल महालाचा तक्ता भरला तर असा दिसतो. ऐकले : पहिल्याच विटांना. सांगितले : लगेच, थेट खानाला. नोंदले : नाही. उठला : दासींच्या वर्दीनंतर. उत्तर : स्वयंपाकी उठले असतील.